आईची रिळं

(सामुदायिक रेडिओवरच्या आमच्या गटाच्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी जे बोलायचं राहून गेलं, तेही इथे घातलं आहे.)



गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एकीने घर आवरायला काढलं आणि माळ्यावरून बुटांचं एक खोकं खाली आलं. आत सतरा कॅसेटी. तिच्या आईच्या. आई नवऱ्याने टाकलेल्या बायकांमध्ये काम करायची, गावोगाव बैठका घ्यायची आणि कुठूनसा मिळवलेला टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून बायकांना बोलतं करायची. चार कॅसेटींना बुरशी लागली होती. एकीवर नंतर कुणीतरी लग्नातली गाणी भरून ठेवली होती. उरलेल्या घेऊन मैत्रीण आमच्याकडे आली. आम्ही एक लावली. बाईंचा आवाज आला, स्वच्छ, हसरा, कुणाला तरी म्हणत होत्या, "सांग गं, घाबरू नकोस, मी आहे ना इथं." मैत्रीण उठून बाहेर गेली. परत आल्यावर म्हणाली, "ही बाई मला माहीत नाही. मला माहीत असलेली आई शेवटच्या एस.टी.ने यायची आणि मी झोपलेली असायचे. मला असं कधी कुणी म्हणालं नाही, मी आहे ना इथं."

त्यावर आमच्यापैकी कुणालाच काही बोलता आलं नाही. पण तेव्हापासून आमच्या डोक्यात एक चित्रपट फिरतो आहे, त्याच्याबद्दल आज बोलायचं आहे. चित्रपट इथला नाही, पार न्यूझीलंडचा आहे. २०१८ सालचा माहितीपट. नाव 'मेराता : हाऊ मम डिकोलोनाइज्ड द स्क्रीन'. म्हणजे साधारण असं, की आमच्या आईने पडदा परक्यांच्या ताब्यातून कसा सोडवला. नाव आम्हाला जरा मिरवणारं वाटलं, ते आधीच सांगून टाकतो. करणारा आहे हेपेरी मिता, मेराता मिता या माओरी कार्यकर्तीचा सर्वांत धाकटा मुलगा. आईवर चित्रपट काढणारी मुलं जगात पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे चित्रपट म्हणजे पडद्यावरची आरती असते. हा तसा नाही, म्हणून त्याची गोष्ट नीट सांगायची. आणि ती सांगायची तर आधी मेराताची सांगायला हवी.

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी ते माओरी. आपल्या देशाला ते आओतेआरोआ म्हणतात. १८४० साली ६ फेब्रुवारीला वैतांगी इथे ब्रिटिश राणीच्या प्रतिनिधीबरोबर त्यांच्या सरदारांचा करार झाला. त्याचा इंग्रजी मजकूर एक सांगत होता आणि माओरी मजकूर दुसरंच. पुढच्या शंभर वर्षांत जमिनी गेल्या, त्या काही लढाईत, काही खरेदीच्या नावाखाली, काही कोर्टामार्फत, आणि काही 'सार्वजनिक कामासाठी'. हे शेवटचे शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नकोत. मुळशीच्या मावळ्यांना ते १९२१ सालीच कळले होते.

मेराताचा जन्म १९ जून १९४२ चा, माकेतू नावाच्या समुद्रकाठच्या गावातला. नऊ भावंडांतली ती तिसरी. गावात माओरी रीतिरिवाज, माओरी बोली, मोठं कुटुंब. पुढे ती शिक्षिका झाली आणि कावेराऊ या गावात, जिथे लाकडाच्या लगद्याची आणि कागदाची मोठी गिरणी होती, आठ वर्षं शिकवत राहिली. तिच्या वर्गात येणारी माओरी आणि पॅसिफिक बेटांवरची मुलं म्हणजे शाळेच्या भाषेत 'शिकवण्यापलीकडची'. फळ्यावरचं त्यांच्या डोक्यात उतरत नाही, असं ठरलेलं. मेराताने त्यांच्या हातात कॅमेरा दिला. चित्रं काढायला लावली, चित्रण करायला लावलं. जी मुलं चार ओळी लिहीत नव्हती, ती आपल्या घराची, आजोबांची गोष्ट दाखवायला लागली. म्हणजे कॅमेऱ्याशी तिची ओळख झाली ती शाळेच्या वर्गात. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या माणसाचा कॅमेरा आणि नापास ठरवलेल्या पोरांच्या हातातून आलेला कॅमेरा, ह्यांच्यात फरक राहतो.

मग तिला दुसरं काम मिळालं. बाहेरून चित्रपटवाले यायचे, त्यांना माओरी वस्तीत न्यायचं, ओळखी करून द्यायच्या, म्हाताऱ्यांना बोलायला राजी करायचं. थोडक्यात मध्यस्थ. काही काळाने तिच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच लोकांचा दरवाजा परक्यांसाठी उघडून देतोय. ते गोष्ट घेऊन जातात आणि गोष्ट त्यांची होते. १९७७ च्या सुमारास ती स्वतः माहितीपट करायला लागली.

ते साल साधं नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, १९७५ मध्ये, फिना कूपर नावाची एकोणऐंशी वर्षांची म्हातारी देशाच्या उत्तर टोकापासून राजधानी वेलिंग्टनपर्यंत जमिनीसाठी पायी मोर्चा घेऊन गेली होती. सुमारे हजार किलोमीटर. आणि ५ जानेवारी १९७७ ला ऑकलंड शहरात एका टेकडीवर लोक जाऊन बसले.

ह्या टेकडीची हकीकत ऐका. इंग्रजीत तिला बॅस्टियन पॉइंट म्हणतात, माओरीत ताकापराफा. समोर समुद्र, खाली बंदर, शहरातली सगळ्यांत देखणी जागा. इथल्या ओराकेई भागात न्गाती फातुआ या जमातीची सातशे एकर जमीन होती. एकोणिसाव्या शतकात कोर्टानेच ठरवून दिलं होतं, की ही जमीन कधीही विकता येणार नाही. तरी ती गेली. आधी टेकडीचा एक तुकडा तोफा ठेवायला घेतला, कारण रशियाचं आरमार येईल अशी भीती होती. रशिया आला नाही, जमीन परत मिळाली नाही. मग एकेका कुटुंबाच्या नावावर तुकडे पाडले गेले आणि तुकडे पडले की विकत घेणं सोपं होतं. मग शहराचं सांडपाणी वाहून नेणारा मोठा नळ गावाच्या समोरून, समुद्रकाठाने टाकला. त्या घाणीने शिंपल्या-कालवं धरायची जागा गेली. पावसात गावात पाणी तुंबायला लागलं. आणि गाव असं दलदलीचं झाल्यावर सरकारने म्हटलं, वस्ती आरोग्याला घातक आहे. १९५० नंतरच्या दोनेक वर्षांत लोकांना हलवलं, घरं आणि सभागृह जाळून टाकलं. इंग्लंडची राणी येणार होती, तिच्या रस्त्यात ही वस्ती दिसायला नको होती, असं तिथे आजही सांगतात. सातशे एकरांतून जमातीकडे उरलं पाव एकराचं स्मशान.

आणि १९७६ च्या अखेरीला सरकारने जाहीर केलं, की टेकडीवरच्या उरलेल्या जमिनीवर श्रीमंतांसाठी बंगले होतील. तेव्हा जो हॉक यांच्या पुढाकाराने लोक वर गेले आणि बसले. एक दिवस नाही, पाचशे सहा दिवस. त्यात हिवाळा आला. तंबू, पत्र्याच्या खोल्या, भाज्यांचे वाफे. एका आगीत पाच वर्षांची मुलगी गेली. तरी लोक उठले नाहीत. २५ मे १९७८ ला पोलीस आले, शेकड्यांनी, मदतीला लष्कराची वाहनं. २२२ जणांना अटक झाली. मागोमाग झोपड्या पाडल्या.

त्या दिवशी मेराता आपल्या साथीदारांबरोबर, लिऑन नार्बी आणि गेर्ड पोलमन यांच्याबरोबर, कॅमेरा घेऊन तिथे होती. पोलिसांच्या बाजूला नाही, बसलेल्यांच्या बाजूला. त्यातून झाला 'बॅस्टियन पॉइंट : डे ५०७', १९८० सालचा, अर्ध्या तासाहून थोडा कमी. पाचशे सहा दिवस लोक बसले आणि पाचशे सातव्या दिवशी त्यांना उचललं, म्हणून हे नाव. हा चित्रपट पाहताना कॅमेरा कुठे उभा आहे ते बघा. बातम्यांत आपण मोर्चे नेहमी पोलिसांच्या खांद्यावरून बघतो. इथे पोलीस आपल्या अंगावर चालून येतात.

ही जमीन पुढे परत मिळाली. वैतांगी लवादाने १९८७ मध्ये जमातीच्या बाजूने अहवाल दिला आणि १९८८ मध्ये सरकारने ते मान्य केलं. पाचशे सातव्या दिवशी ज्यांच्यावर अपराधी म्हणून हात टाकला, ते दहा वर्षांनी खरे ठरले. मधल्या काळात ते कसे होते, काय म्हणत होते, हे त्यांच्या बाजूने दाखवणारं जे थोडं काही होतं, त्यात ही रिळं होती.

मग आलं १९८१. दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ, स्प्रिंगबॉक, न्यूझीलंडच्या दौऱ्यावर येणार होता. वर्णभेदी राजवटीशी खेळू नये, असं जग म्हणत होतं. आपल्या देशाने तर १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत जाऊनसुद्धा समोर दक्षिण आफ्रिका म्हणून सामना सोडून दिला होता. पण न्यूझीलंडमध्ये रग्बी म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट, थोडं जास्तच. सरकारने दौरा होऊ दिला. छप्पन्न दिवस देश उभा चिरला गेला. नवरा सामन्याला आणि बायको मोर्च्यात, अशी घरं. दीड लाखाहून जास्त लोक दोनशेहून अधिक निदर्शनांत उतरले, सुमारे पंधराशे जणांवर खटले झाले. २५ जुलैला हॅमिल्टन गावात निदर्शक कुंपण तोडून थेट मैदानात शिरले, हातात हात अडकवून मध्यभागी उभे राहिले आणि सामना रद्द झाला. मग प्रेक्षकांनी त्यांच्यावर बाटल्या फेकल्या. चार दिवसांनी वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर पोलिसांनी मोर्च्यावर दंडुके चालवले. १२ सप्टेंबरच्या शेवटच्या सामन्यात छोट्या विमानातून मैदानावर पिठाच्या पुड्या पडल्या.

मेराताने हे सगळं एकत्र केलं. ती एकटी सगळीकडे असणं शक्य नव्हतं. अनेक कॅमेरावाल्यांनी आपापलं चित्रण दिलं. ॲनी कॉलिन्स ह्यांनी संकलन केलं. रिळं पोलिसांच्या हाती पडू नयेत म्हणून जपावी, लपवावी लागली, कारण त्यांत चेहरे होते आणि चेहऱ्यांवरून खटले होणार होते. १९८३ मध्ये 'पातू!' प्रदर्शित झाला. पातू म्हणजे माओरींचं हातात धरायचं आखूड लढाईचं हत्यार, आणि मारणं असाही त्याचा अर्थ आहे. न्यूझीलंडमध्ये एका बाईने केलेला हा पहिला मोठ्या लांबीचा माहितीपट.

'पातू!'चं मोल नुसतं दंडुक्यांच्या दृश्यांत नाही. त्या वर्षी हजारो गोरे न्यूझीलंडवासी दूरच्या काळ्या माणसांसाठी रस्त्यावर उतरले, हे खरंच, मोठीच गोष्ट. पण माओरी कार्यकर्ते त्यांना विचारत होते, की इथल्या आमच्या जमिनीचं काय? तीन वर्षांपूर्वी टेकडीवरून आम्हाला उचललं तेव्हा तुम्ही कुठे होता? मेराताने हा प्रश्न चित्रपटातून गाळला नाही. अन्याय लांबचा असला की त्याच्याविरुद्ध बोलणं सोपं जातं, हे आपल्या मोर्च्यांनाही लागू आहे. आम्ही स्वतः हे केलेलं आहे, म्हणून म्हणतो.

इथे जरा थांबून एक आपल्याकडची आठवण. नेमक्या ह्याच वर्षांत आपल्याकडेही बायका कॅमेरा घेऊन निघाल्या होत्या. दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणींच्या 'युगांतर' गटाने १९८१ मध्ये पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेवर 'मोलकरीण' केला आणि १९८२ मध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर 'तंबाखू चाकीला ऊब आली'. दोन्ही मराठीत. बायका स्वतःच बोलतात, स्वतःच घडलेलं करून दाखवतात. आमच्या गटात निपाणीकडची एक जण आहे. तिलाही हा चित्रपट असल्याचं माहीत नव्हतं. मधली कित्येक वर्षं ह्या प्रती जवळजवळ कुणाच्या नजरेत नव्हत्या. बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने त्या दुरुस्त केल्या, म्हणून आज आपण पाहू शकतो. पुण्यातल्या मोलकरणींचा आवाज बर्लिनमध्ये दुरुस्त व्हावा, ह्याबद्दल बर्लिनचे आभार मानायचे की स्वतःला काही विचारायचं, ते तुम्हीच ठरवा.

परत मेराताकडे येऊ. १९८८ मध्ये तिने 'माउरी' हा कथापट केला. माउरी म्हणजे प्राण, जीवशक्ती. माओरी बाईने एकटीने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला तो पहिला कथापट. त्यातली महत्त्वाची भूमिका केली ईव्हा रिकर्ड यांनी, आणि त्या काही नटी नव्हत्या. रॅगलन गावी त्यांच्या लोकांची जमीन युद्धकाळात विमानतळासाठी घेतली आणि परत न देता पुढे तिचं गोल्फचं मैदान केलं. ती जमीन परत मिळवायला ज्या बाईने लढा दिला आणि १९७८ मध्ये त्याच गोल्फच्या हिरवळीवर अटक करून घेतली, ती ही ईव्हा रिकर्ड. जिने पूर्वजांच्या जमिनीसाठी तुरुंग पाहिला, तिलाच मेराताने घराण्याची जमीन सांभाळणारी म्हातारी केलं. ह्यानंतर माओरी बायकांनी केलेला कथापट पडद्यावर यायला २०१७ साल उजाडलं. मध्ये जवळजवळ तीस वर्षं. पहिली झाली म्हणून गौरव करायचा आणि दुसरीला दार उघडायला तीस वर्षं लावायची, ही रीत तिकडेही आहे म्हणायची.

आता मुलाकडे येतो. हेपेरीचे वडील ज्यॉफ मर्फी हेही नावाजलेले दिग्दर्शक. त्याचा जन्म 'पातू!' येऊन गेल्यानंतरचा. टेकडी, मोर्चे, दंडुके, हे सगळं संपल्यावर तो आला. त्याच्या वाट्याला आलेली आई पुढच्या काळातली. प्रवास करणारी, हवाईच्या विद्यापीठात शिकवणारी, जगभरच्या मूलनिवासी तरुणांना चित्रपट करायला शिकवणारी, नाव असलेली. तिचं पूर्वीचं आयुष्य त्याला नीट माहीत नव्हतं.

३१ मे २०१० ला ऑकलंडमध्ये माओरी टेलिव्हिजनच्या इमारतीबाहेर मेराता कोसळली आणि गेली. सदुसष्ट वर्षांची होती. मुलांवरच्या हिंसेवरचा तिचा शेवटचा माहितीपट तिच्यामागून पुढच्या वर्षी पुरा झाला.

हेपेरी त्या देशाच्या चित्रफितींच्या राष्ट्रीय संग्रहात, आपण दप्तरखाना म्हणू, कामाला होता. संग्रहाचं नाव 'न्गा ताओंगा', म्हणजे ठेवी, मोलाच्या वस्तू. त्याचं काम जुनी रिळं काढायची, साफ करायची, नोंदी करायच्या. आणि त्या रिळांमध्ये त्याची आई होती. तरुण. त्याच्या जन्माआधीची. मुलाखतीत सिगरेटच्या धुरातून थेट समोर बघून बोलणारी, चिडलेली, हसणारी. आमच्या मैत्रिणीला बुटाच्या खोक्यात जे मिळालं, ते त्याला संग्रहाच्या कपाटात मिळालं.

चित्रपट त्याने इथूनच सुरू केला असता आणि इथेच संपवला असता, तर आम्ही आज त्याच्यावर बोललो नसतो. जुनी चित्रणं जोडून आईची थोरवी सांगणं सोपं होतं. त्याने केलं काय, तर आपल्या थोरल्या भावंडांना समोर बसवलं आणि विचारलं. कारण त्यांनी ती वर्षं पाहिली होती. आणि ती वर्षं त्यांच्या तोंडून निराळी ऐकू येतात. पहिल्या संसारातली मारहाण आहे. एकट्या बाईने पोरं वाढवणं आहे, पैशाची ओढाताण आहे. पोलिसांचं दडपण घरापर्यंत येणं आहे. संग्रहातल्या फिल्ममध्ये आई मोर्चात निर्भय दिसते. मोर्चातून ती घरी आल्यावर काय व्हायचं, हे कुठल्याच रिळात नाही, ते फक्त मुलांपाशी आहे. धाकट्याला ते माहीत नव्हतं. म्हणजे आईबद्दल विचारणाराही तो आणि पहिल्यांदा ऐकणाराही तोच. ऐकताना तो दिग्दर्शक राहत नाही. ही चित्रपटाची कमजोरी आहे असं कुणी म्हणेल. आम्हाला ती खरी वाटली.

भावंडं आईला दोष देत नाहीत आणि सोडूनही देत नाहीत. तिच्या कामाची किंमत काही अंशी त्यांनी मोजली, एवढं ती सांगतात. आपल्याकडच्या कार्यकर्त्या बायकांच्या चरित्रांत हा भाग बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलेला असतो. 'घरच्यांनी समजून घेतलं.' पुरुष कार्यकर्त्याबद्दल तर तेवढंही विचारत नाहीत. ज्याची बायको घर सांभाळते, त्याच्या मुलांना कुणी विचारत नाही, की बाबा रात्री कधी यायचे. आईला मात्र हा हिशेब चुकत नाही. म्हणून हा प्रश्न विचारावा की नाही, ह्यावर आमच्या गटात जोरात भांडण झालं. एकीचं म्हणणं, कार्यकर्त्या बाईच्या मुलांना बोलावून 'तुम्हाला त्रास झाला का' विचारणं म्हणजे तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं. दुसरीचं म्हणणं, की मुलंही त्या चळवळीत होती, न विचारता घातलेली. त्यांची साक्ष गाळली तर इतिहास अर्धा राहतो. भांडण मिटलेलं नाही. आमच्यापैकी जास्त जणी दुसरीच्या बाजूच्या आहेत, पण पहिलीलाही खोडून काढता आलेलं नाही.

आनंद पटवर्धन यांनीही आपल्या आईवडिलांचं घरातलं चित्रण जोडून 'वसुधैव कुटुंबकम्' केला आहे. आई निर्मलाताई नामवंत कुंभारकाम कलावंत आणि घर स्वातंत्र्य चळवळीतल्या माणसांचं. त्यात मुलगा कॅमेऱ्यामागून आईवडिलांशी गप्पा मारतो, चेष्टा करतो. आईवडील हयात असताना विचारता आलं, हे त्याचं भाग्य. हेपेरीला ते मिळालं नाही. त्याला आईच्या जुन्या मुलाखतींतूनच उत्तरं शोधावी लागली, म्हणजे दुसऱ्या कुणी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हाला सगळ्यांत जास्त शिकवून गेली. हे काम मुलाच्या आधी आईने स्वतः केलं होतं. १९३० नंतरच्या दशकात ते पुइआ हेरांगी या माओरी पुढारी बाईने करार-शताब्दीसाठी जुन्या पद्धतीच्या मोठ्या लढाऊ होड्या बांधवून घ्यायला सुरुवात केली आणि ते काम चित्रित करून ठेवायलाही लावलं. झाड पाडण्यापासून खोड कोरण्यापर्यंत. चित्रपट पुरा झाला नाही. रिळं पन्नासेक वर्षं पडून राहिली. संग्रहाने ती वाचवली आणि त्यांचा चित्रपट करायचं काम मेराताकडे आलं. 'माना वाका', १९९०. तिने ते शहरातल्या स्टुडिओत बसून केलं नाही. संकलनाचं यंत्र ज्यांच्या आजोबांनी होड्या कोरल्या, त्यांच्याच तुरांगावाएवाए इथल्या सभास्थानी नेलं. म्हातारी माणसं येऊन बसायची, पडद्यावरच्या माणसांना ओळखायची, हा अमका, हे असं नव्हे तसं, सांगायची. माओरी समजुतीत चित्रातला गेलेला माणूस म्हणजे नुसतं चित्र नसतं, तो पूर्वज समोर आलेला असतो. त्याला रडायचं असतं, त्याच्याशी बोलायचं असतं. म्हणून तिथल्या संग्रहात जुनं चित्रण दाखवायचं तर त्यातल्या लोकांच्या वंशजांना विचारण्याची रीत आहे. फिल्म कपाटात कुणाच्याही असो, माणसं त्यांच्या घरच्यांची.

ह्याने आमची पंचाईत केली. त्या सतरा कॅसेटींमधल्या चांगल्या नऊ आम्ही संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. आमचा पहिला विचार होता, की दर आठवड्याला दहा मिनिटं ऐकवायची. काय आवाज आहेत! पण त्यात बोलणाऱ्या बायका नावानिशी बोलतात. सासरचं गाव सांगतात, नवऱ्याचं नाव सांगतात. काही जणी आज त्याच गावात आहेत, सुना-नातवंडांच्या घरात. त्या बोलल्या होत्या मैत्रिणीच्या आईशी, तिच्यावर विश्वास ठेवून, बंद खोलीत. रेडिओवर नव्हे. आता आई नाही. मग परवानगी कुणाची घ्यायची? मैत्रिणीची? आवाज तर तिच्या आईचे थोडे आणि त्या बायकांचे जास्त. म्हणून ठरलं आहे, की आधी त्या गावांत जायचं. कॅसेट घेऊन जायची, जी हयात असेल तिला तिचाच आवाज ऐकवायचा आणि ती नको म्हणाली तर तो विषय तिथेच संपला. दोन गावांना जाऊन आलो. एक बाई नको म्हणाल्या. एकीने पूर्ण ऐकलं, परत लावायला सांगितलं आणि म्हणाली, नाव काढून टाका, बाकी ठेवा.

तुमच्याही घरात अशी खोकी असतील. भजनी मंडळाची, बचत गटाच्या पहिल्या बैठकीची, आजीच्या ओव्यांची, कुठल्या मोर्च्याची कॅसेट. बुरशी लागलेली असेल तर यंत्रात घालून वाजवायला जाऊ नका, बुरशी यंत्राला लागते आणि दुसऱ्या कॅसेटीही खराब होतात. ऊन्हात ठेवू नका. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यातल्या चुंबकाने आवाज पुसला जातो. आणि कॅसेटीच्या मागच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात, ते मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. मैत्रिणीच्या आईच्या त्या एका कॅसेटीचे तुकडे मोडायचे राहिले होते, म्हणून तिथे आज लग्नातली गाणी आहेत. सिनेमाचं रीळ कुणाकडे असेल आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर समजा ते मरायला लागलं आहे, उशीर करू नका. जे असेल ते आमच्याकडे आणा. उतरवून तुम्हाला परत देऊ, आमच्याकडे ठेवून घेणार नाही.

मैत्रिणीने नऊपैकी तीन ऐकल्या आहेत. चौथी तिने घरी नेली आहे, भावाला बरोबर घेऊन ऐकायची म्हणून. भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. त्याला आठवत असेल.